डबे शोधणाऱ्या बाईंचा शोध

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, पण दिवाळीनंतरचा तो सोमवार माझ्या मनातून जायला तयार नाही.

त्या वेळी मी वेल्हे तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो. हद्द मोठी, माणूसबळ कमी. एरवी आमच्याकडे येणारी प्रकरणं ठरलेली असत. बांधावरून भांडणं, धरणाच्या पाण्यात उतरलेली पुण्याची पोरं, तोरण्यावर वाट चुकलेले ट्रेकर, शनिवार-रविवारी हॉटेलांत होणारी बाचाबाची. रविवार संपला की ठाणं जरा श्वास घेई. त्या सोमवारी सकाळची हजेरी चालू असतानाच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. या माणसाचं एक वैशिष्ट्य होतं, ते उगाच फोन करत नसत.

"साहेब, घाटाच्या खालच्या अंगाला वढ्याचा छोटा पूल हाय न्हवं, तितं एक स्कूटर उभी हाय. कालपासनं."

"कुणाची?"

"आमच्यातली न्हाई. पुण्याचा नंबर हाय. बाईमाणसाची दिसती. हेल्मेट आरशाला तसंच अडकवलंय. म्या काल सांजच्याला बगितली, वाटलं आसंल कुणी फिरायला आलेलं. आज बी तितंच हाय म्हनून फोन लावला."

स्टेशन डायरीला नोंद करून मी एक हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन निघालो. पानशेतकडून वेल्ह्याकडे येणारा तो रस्ता सकाळी अगदी निवांत असतो. भाताची कापणी चालू होती. पुलाच्या कडेला स्कूटर व्यवस्थित स्टँडवर लावलेली होती, हँडल लॉक केलेलं, आजूबाजूला झटापटीची काही खूण नाही. गाडी चोरून आणून टाकलेली नव्हती, हे पाहताक्षणी कळत होतं. चोर हेल्मेट नीट अडकवून जात नाही.

नंबरावरून मालकाचं नाव आणि पत्ता मिळाला. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. मोबाईल बंद. घरचा नंबर शोधून लावला, तर एका वृद्ध बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. त्या रात्रभर फोनपाशीच बसल्या असाव्यात.

"मी तिची सासू बोलतेय. ती सापडली का?"

त्यांनी आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांना घेऊन जवळच्या चौकीत खबर दिली होती. सून सकाळी निघाली, दुपारी चारपर्यंत येते म्हणाली होती. कुठे गेली, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. पानशेतच्या बाजूला, एवढंच.

"कशासाठी गेल्या होत्या, आजी?"

"डबे शोधायला."

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. मी पुन्हा विचारलं.

"डबे हो. कुणीतरी लपवून ठेवतं आणि ही जाऊन शोधते. मोबाईलमध्ये खूण असते म्हणे. त्या खेळाचं नाव इंग्रजी आहे, ते मला येत नाही. माझा मुलगा गेला, तेव्हापासून रविवारी तिला घरात बसवत नाही. मग मीच म्हटलं, जा बाई, तुला बरं वाटतं ना, जा."

मी फोन ठेवला तेव्हा हवालदार माझ्याकडे बघत होते. वय झालेल्या माणसांना धक्का बसला की बोलण्यात विसंगती येते, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला मात्र आजींच्या बोलण्यात कुठे गोंधळ जाणवला नाही. गोंधळलेला माणूस वाक्यं अर्धवट सोडतो. या आजी प्रत्येक वाक्य पूर्ण करत होत्या. अर्थ कळला नाही तरी जे सांगितलं ते मनात ठेवायचं, एवढं मी ठरवलं.

तपासाची दिशा मात्र नेहमीचीच ठरली. एकटी बाई, विधवा, धरणाचं पाणी जवळ. कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच शंका होती. मी पाण्याच्या बाजूला बोट पाठवली. दोघांना किल्ल्याच्या वाटेवर पाठवलं. मोबाईलचं शेवटचं टॉवर लोकेशन मागवलं. ते आलं, पण डोंगरात एक टॉवर अर्धा तालुका सांभाळतो, त्यामुळे बाई या भागात होत्या यापलीकडे काही कळलं नाही. ते तर स्कूटरच सांगत होती.

पुलापासून थोडं वर एका मावशींची चहाची टपरी होती. मी तिथे गेलो. पोलिसांनी गावात गेलं की आधी चहा प्यावा आणि मग प्रश्न विचारावा. उलट केलं तर दोन्ही बेचव होतात.

"बाईला बगितलं म्या," मावशी म्हणाल्या. "काल सकाळी. पानी मागून घेतलं, आन मोबाईल हातात धरून पुलाकडं गेली. लई चांगली बोलली. म्होरं गिऱ्हाईक आलं, मग न्हाई लक्ष दिलं."

"अजून कुणी अनोळखी माणूस या बाजूला दिसला का? कालच असं नाही, मागच्या महिन्याभरात."

मावशींनी चहाचं पातेलं उतरवून ठेवलं. "अनोळखी न्हवं, वळखीचाच. भोरचा चष्मेवाला. दसरा झाल्यावर आला हुता. पुलापाशी दगडं उचलून बगत हुता. पिशवीतनं कायतरी काडलं आन ठिवलं. म्या हाक मारली तर असा दचकला, गाडीवर बसला आन गेलाच."

"भोरचा चष्मेवाला कशावरून?"

"आता! ह्यो माझ्या डोळ्यावरचा चष्मा कुनी दिलाय? त्येनंच."

हवालदार पुलापाशी गेले. थोड्या वेळात त्यांनी हाक मारली. कठड्याच्या मागे, एका चपट्या दगडाखाली प्लास्टिकचा पारदर्शक डबा होता. मी सगळ्यांना मागे हटवलं, पण आत काय आहे ते बाहेरूनच दिसत होतं. पेन्सिलीचा तुकडा, घडी केलेला कोरा कागद, काचेचे मणी, लहान मुलीची अंगठी आणि रबराचा हिरवा बेडूक.

एव्हाना गावातली माणसं जमली होती. डबा बघून त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. मणी, अंगठी, कोरा कागद. कुणीतरी 'करणी' हा शब्द उच्चारला. दुसऱ्याने 'गुप्तधन' म्हटलं. तिसरा म्हणाला, "आन बाई कुटं गेली मग?" गुप्तधन आणि बेपत्ता बाई हे दोन शब्द एकत्र आले की गर्दीच्या मनात तिसरा शब्द आपोआप तयार होतो. मला तो ऐकू येण्याआधी गर्दी पांगवायची होती. मी पोलीस पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं, की जो पहिल्यांदा नरबळीचं नाव काढेल त्याचा जबाब मी आजच घेणार. त्यांनी ते गावाच्या भाषेत सगळ्यांना समजावलं. गर्दी पांगली, पण लांब गेली नाही.

भोरच्या ठाण्यातल्या सहकाऱ्यांना फोन केला. चष्म्याच्या दुकानाचे मालक तासाभरात गाडीत बसून आमच्याकडे यायला निघाले. त्यांचं कुटुंब भोर शहरातलं मुस्लिम कुटुंब, घर उत्रोलीच्या रस्त्याला, वडिलांपासूनचं दुकान, नावाला कुठे डाग नाही. एवढी माहिती ते पोचण्याआधीच माझ्याकडे आली होती.

पन्नाशीचा, सडपातळ, स्वच्छ कपड्यांतला माणूस माझ्यासमोर बसला. मी त्यांना कोठडीच्या बाजूला नेलं नाही, माझ्या खोलीत खुर्ची दिली. चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. चष्मा काढून रुमालाने पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

मी डबा टेबलावर ठेवला.

"हा ओळखता?"

"नाही, साहेब."

"दसऱ्यानंतर तुम्ही पानशेतच्या रस्त्याला आला होता?"

"नाही. दसऱ्यानंतर मी वरवे बुद्रुकला होतो. नेत्रतपासणीचं शिबिर होतं तिथं."

मी हवालदारांकडे पाहिलं. ते बाहेर जाऊन फोन करून आले. शिबिर झालं होतं, पण दसऱ्याच्या आधी. मी ते शांतपणे त्यांना सांगितलं.

"मग एखाद वेळेस गेलो असेन. मध मिळतो तिकडं. मध आणायला."

"कुणाकडून घेतला मध?"

ते पुन्हा चष्मा पुसायला लागले.

चौकशीत खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. सराईत माणूस खोटं बोलताना तुमच्या डोळ्यांकडे बघतो, कारण ते तुम्हाला पटतंय का, हे त्याला पाहायचं असतं. हा माणूस टेबलावरच्या डब्याकडे बघत होता. आपलंच मूल कुणी पोलीस ठाण्यात आणून बसवावं तसा. हे मला खटकलं. बाईंबद्दल मी अजून एक अक्षरही बोललो नव्हतो. आरोपीला आपल्या हातातलं आधी दाखवायचं नाही, हे आमच्या अंगवळणी पडलेलं असतं.

"वन विभागाची केस होईल का, साहेब?" त्यांनी अचानक विचारलं.

"कशाबद्दल?"

त्यांनी थंड झालेला चहाचा कप बाजूला सरकवला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. सासूबाई आल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्यांना आपल्या गाडीतून आणलं होतं. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, काठी टेकत त्या सरळ माझ्या खोलीच्या दारात आल्या. महिला शिपाई त्यांना थांबवत होती, पण त्यांची नजर टेबलावर गेली होती.

"हाच," त्या म्हणाल्या. "असलाच डबा. तिने मला फोटो दाखवले होते. माझी सून हेच शोधत फिरते."

समोरचा माणूस खुर्चीतून उठला. "कोण शोधतं?"

"बसा," मी म्हटलं.

ते बसले नाहीत. "आजी, तुमच्या सूनबाई हे डबे शोधतात? त्या कुठं आहेत?"

"तेच तर विचारायला आलेय मी! काल सकाळपासून घरी आली नाही ती."

"त्या खेळात त्यांचं नाव काय आहे? खरं नाव नको. तिथं कुणी खऱ्या नावानं नसतं."

"मुंगी. मी हसले होते तिला, म्हटलं हे काय नाव."

त्या माणसाने दोन्ही हात टेबलावर टेकवले. मग एकदम सगळं बाहेर आलं.

"साहेब, डबा माझा आहे. मीच ठेवला. मुंगीताई माझे सगळे डबे शोधतात. मी त्यांना कधी बघितलं नाही, पण प्रत्येक डबा सापडला की त्या चार ओळी लिहितात. मागच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, दिवाळी झाली की धबधब्याच्या डब्याला जाते. साहेब, तो डबा तिथं नाहीये! मी हलवलाय. आधी तो खाली होता, ओढ्याचा धबधबा पडतो त्या कड्याशी, एका कपारीत. पावसात तिथली माती सुटली. मी बघायला गेलो तर माझाच पाय घसरला. म्हणून मी डबा वर आणून पुलापाशी ठेवला. पण मोबाईलवरची खूण बदलायची राहिली. त्या खाली गेल्या असतील. खूण अजून खालीच नेते."

मग मी टोपी उचलली.

आम्ही पाण्यात आणि किल्ल्यावर शोधत होतो. बाई पुलाखालच्या ओढ्याच्या बाजूला गेल्या होत्या, जिकडे जायला वाटसुद्धा नव्हती आणि जिकडे कुणी जाईल असं गावातल्या माणसाच्याही मनात आलं नसतं.

गाडीत चष्मेवाले माझ्या शेजारी बसले होते. न विचारता बोलत होते. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जगभर लोक असे डबे लपवतात, अक्षांश-रेखांश टाकतात, दुसरे येऊन शोधतात, आत आपलं नाव लिहितात, एखादी छोटी वस्तू घेतात आणि एक ठेवतात. त्यांचं तिथलं नाव 'बिनकाडी' होतं. दुकानात लोक सारखे एका काडीचे चष्मे दुरुस्तीला आणत, त्यावरून.

"मग सकाळपासून खोटं का बोलत होता?" मी विचारलं.

"भीती वाटली. पूर्वी पुण्यात एका बागेत डबा ठेवला होता. कुणीतरी बघितला आणि बॉम्ब म्हणून कळवलं. पथक आलं, रस्ता बंद केला, लोक पळाले. मी गर्दीत उभा होतो, साहेब. पुढं होऊन सांगायला पाहिजे होतं, की बाबांनो, तो खेळ आहे. पण माझं नाव ऐकून लोक काय समजतील, हे डोक्यात आलं आणि पाय उचलला नाही. आज तुमची गाडी दुकानाशी थांबली, मला वाटलं तेच प्रकरण उघडलं. बाई हरवल्यात हे मला माहीतच नव्हतं."

मी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं.

पुलाजवळ पुन्हा गर्दी जमली होती. चष्मेवाल्यांना गाडीतून उतरताना बघताच आवाज वाढला. एक दांडगा तरुण पुढे आला. "ह्योच का त्यो? बाईचं काय केलं रं?" त्याच्या मागे आणखी चार-पाच. त्यांच्या नावावरूनही कुणीतरी काही पुटपुटलं. मी मध्ये उभा राहिलो. पण गर्दी थांबली ती माझ्यामुळे नाही. टपरीवाल्या मावशी पदर खोचून पुढे आल्या आणि त्या तरुणाच्या छातीला हात लावून त्यांनी त्याला मागे ढकललं.

"मागं सर! तुज्या आयेला बी ह्यानंच चष्मा दिलाय. पैसं न्हवतं तर दिवाळीनंतर द्या म्हनला हुता. आदी साहेब काय सांगत्यात ते ऐक."

मी सांगितलं. बाई खाली पडलेल्या असण्याची शक्यता आहे, दोर हवा, घोंगडी हवी, चार दणकट माणसं हवीत. गर्दीला काम दिलं की ती गर्दी राहत नाही. तोच तरुण सगळ्यांत आधी घरी धावला आणि दोर घेऊन आला.

ओढ्याच्या कडेने झुडपं तोडत आम्ही उतरलो. पाऊस संपून महिना झाला तरी ओढ्याला चांगलं पाणी होतं आणि त्याचा आवाज एवढा होता, की आम्हालाच एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. मोडलेली फांदी दिसली. मग घसरलेल्या मातीचा ताजा पट्टा. चष्मेवाले थांबले. त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "मुंगीताई!"

पाण्याचा आवाज. पुन्हा ओरडले. मग खालून, अगदी बारीक, कुणीतरी दगडावर दगड आपटल्यासारखा ठोका आला. एक. मग दुसरा.

कड्याच्या खाली एक सपाट खडक होता. त्यावर बाई पडल्या होत्या. उजवा पाय गुडघ्याखाली विचित्र वळलेला. ओठ फुटलेले, चेहरा पांढरा पडलेला, पण शुद्धीवर. त्यांची पिशवी पाण्यात वाहून गेली होती. मोबाईल, शिट्टी, पाणी सगळं तीत. रात्रभर थंडीत त्या तशाच होत्या. हाताला पोचत होतं ते ओढ्याचं पाणी पिऊन.

दोराने आधी तो दोर आणणारा तरुण उतरला, मागोमाग मी थांबा म्हणत असताना चष्मेवाले उतरले. त्यांनी आपलं जाकीट काढून बाईंच्या अंगावर घातलं.

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "बिनकाडी का तुम्ही?"

त्यांनी मान हलवली.

"डबा सापडला नाही मला," बाई म्हणाल्या. "सगळी कपार बघितली."

तो माणूस तिथे खडकावर बसून लहान मुलासारखा रडला. दोर धरून उभ्या असलेल्या गाववाल्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

घोंगडीची झोळी करून त्यांना वर आणलं. चढावर माणसं आळीपाळीने खांदा देत होती आणि एकमेकांना सांभाळायला सांगत होती. रस्त्यावर आजी गाडीशेजारी उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला. "जेवलीस का काही?" एवढंच म्हणाल्या. आणि पदराने तिच्या चेहऱ्यावरची माती पुसायला लागल्या.

चार दिवसांनी मी जबाब घ्यायला पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. पायाचं ऑपरेशन झालं होतं. खोलीबाहेरच्या बाकावर चष्मेवाले बसलेले दिसले. नर्सने सांगितलं, की ते रोज येतात, बसतात आणि आत न जाताच परत जातात.

बाईंचा जबाब स्वच्छ होता. शिक्षिका होत्या, काय लिहून घ्यायचं ते त्यांना माझ्यापेक्षा बरं कळत होतं. शेवटी मी नियमाप्रमाणे विचारलं, "तुमची कुणाविरुद्ध तक्रार आहे का?"

"नाही. पण त्यांना आत बोलवा."

ते आत आले आणि भिंतीला लागून उभे राहिले.

"मी डोंगरात एकटी उतरले, घरी जागेचं नाव सांगितलं नाही, शिट्टी गळ्यात घालायची ती पिशवीत ठेवली. या माझ्या चुका," बाई म्हणाल्या. "आता तुमची सांगा. डबा का हलवलात?"

"कुणी पडू नये म्हणून."

"मग खूण का नाही बदललीत?"

"राहिलं, ताई. दुकानात दिवाळीची गर्दी होती. आज करू, उद्या करू…"

"राहिलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मग त्या म्हणाल्या, "मला सहा महिने चालता येणार नाही. तोवर तुमच्या प्रत्येक डब्यापाशी जाऊन या. जिथं माझ्यासारखं माणूस पडेल तिथला उचला. एकटे जाऊ नका. आणि गेलात की मला लिहा."

"लिहितो," ते म्हणाले. आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा खोलीतल्या खुर्चीवर बसले.

परवानगीशिवाय डबे ठेवल्याबद्दल वन विभागाने चष्मेवाल्यांना समज देऊन सोडून दिलं. आमच्याकडे मिसिंगची नोंद 'मिळून आल्या' असा शेरा मारून बंद झाली. कागदावर एवढंच.

निवृत्तीनंतर या छंदातल्या काही मंडळींनी मला पानशेतला एका हॉटेलात बोलावलं आणि चार शब्द सांगायला लावले. मी जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, कारण हा छंद वाढतो आहे आणि आमचे डोंगर तेच आहेत. डब्यावर मराठीत लिहा, की हा खेळाचा डबा आहे, आणि खाली आपला नंबर द्या. पूल, धरणाची भिंत, देऊळ, मशीद, शाळा, एसटी स्टँड, या जागा सोडा. गावात पोलीस पाटलांना भेटून सांगा, वनखात्याची जमीन असेल तर परवानगी घ्या. भाताचे बांध तुडवू नका. दगड उचलताना आधी काठीने हलवा, खाली साप असतो, आणि उचललेला दगड परत जागेवर ठेवा. डबा हलवला तर तिथून घरी जाण्याआधी खूण बदला, रेंज नसेल तर रेंज येईल तिथे गाडी थांबवून बदला. शोधायला जाणाऱ्याने जागेचं नाव घरी सांगून जावं आणि शिट्टी गळ्यातच ठेवावी. आणि कुणी हाक मारली तर पळू नका. थांबा, रामराम घाला, काय करताय ते सांगा. लपूनछपून करणाऱ्याचं साधं कामसुद्धा गुन्ह्यासारखं दिसतं. उघड्यावर करणाऱ्याला लोक स्वतःहून मदत करतात.

पण मला या प्रकरणाने शिकवलं ते वेगळंच. त्या खोलीत आम्ही दोघं बराच वेळ समोरासमोर बसलो होतो. त्यांना वाटत होतं विषय डब्याचा आहे. मला ठाऊक होतं विषय एका बाईंच्या जिवाचा आहे. त्यांच्याकडे माझं उत्तर होतं आणि ते घाबरून झाकून बसले होते. पोलिसाच्या नोकरीत खोटं पकडण्याचं शिक्षण मिळतं आणि खोटं पकडलं, की अर्धा गुन्हा उघडकीला आला असं आम्हाला वाटतं. त्यानंतर माझ्यासमोर जो कुणी खोटं बोलला, त्याला मी आणखी एक प्रश्न विचारत आलो. तुम्हाला कशाची भीती वाटते? काही जणांनी त्यावरही खोटंच सांगितलं. पण बऱ्याच जणांनी आधी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं, कारण हे त्यांना ठाण्यात कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि मग ते खरं बोलायला लागले.